छोट्या हापूस बागायतदाराने वेबसाइटसाठी कीवर्ड कसे निवडावेत

रत्नागिरीजवळ आमची हापूसची कलमं आहेत. आमच्या वेबसाइटबरोबर ओळखीच्या काही बागायतदारांच्या वेबसाइटही मीच सांभाळते. साइट तयार झाली की बहुतेकांची पहिली मागणी ठरलेली असते : गूगलवर ‘हापूस आंबा’ टाकलं की आपलं नाव वर यायला हवं. मी त्यांना पहिल्याच दिवशी सांगते, हा कीवर्ड, म्हणजे लोक गूगलवर शोधायला टाकतात तो शब्द, सोडून द्या. तिथे मोठी ऑनलाइन दुकानं, वर्तमानपत्रांच्या साइट आणि विकिपीडिया ठाण मांडून बसलेले असतात. शिवाय ‘हापूस आंबा’ असं टाकणाऱ्याला निबंध हवाय, फोटो हवाय, आजचा भाव हवाय की पेटी हवीय, काहीच कळत नाही. दीड-दोनशे कलमांच्या बागेला हजारो वाचकांचा उपयोग नाही. नेमका प्रश्न घेऊन आलेली थोडी माणसं मिळाली तरी आपला सगळा माल घरपोच विकला जातो.

असे प्रश्न आपल्याकडे आधीच आलेले असतात. मार्च ते मे फोन आणि व्हॉट्सॲप थांबत नाही. फोनजवळ एक वही ठेवा आणि गिऱ्हाईक जे विचारेल ते त्याच्याच शब्दांत लिहा. ‘आंबे हिरवेच आलेत, कधी पिकतील?’ ‘अढी लावायची म्हणजे काय करायचं?’ ‘पाच डझनांच्या पेटीतलं फळ मोठं की सहा डझनांच्या?’ ‘पिकलेला आंबा फ्रीजमध्ये ठेवला तर चालेल का?’ ‘कापल्यावर आत पांढरट निघालं, हा साका का?’ ही वाक्यं सुधारून लिहायचा मोह होतो, तो टाळा. पुण्यातल्या फ्लॅटमध्ये पेटी उघडून बसलेलं माणूस ‘आंब्याची काढणीपश्चात हाताळणी’ असं कधीच शोधत नाही. ते शोधतं, ‘आंबे पिकत नाहीत काय करावे’.

वहीतलं एकेक वाक्य मग गूगलच्या चौकटीत अर्धवट टाइप करा आणि खाली काय सुचवलं जातं ते बघा. ‘आंबा पिकायला’ एवढं लिहून थांबा. मग पुढे ‘क’, ‘ख’, ‘ग’ असं एकेक अक्षर टाकून पाहा. हे इन्कॉग्निटो खिडकीत करा, म्हणजे तुमच्या जुन्या शोधांची सावली पडत नाही. निकालांच्या मध्ये लोक आणखी काय विचारतात त्याची चौकट दिसली, तर तेही वहीत उतरवा. मराठी माणूस मराठी प्रश्न पुष्कळदा रोमन अक्षरांत टाइप करतो, म्हणून हाच खेळ रोमन लिपीतही करा. तिथे सुचवण्या वेगळ्या येतात.

पहिलं पान स्वतःच्या डोळ्यांनी वाचा

स्पर्धा कमी आहे की जास्त, हे इथे ठरतं, आणि सगळ्यात जास्त वेळ मी इथेच घालवते. प्रश्न गूगलवर टाकायचा आणि पहिल्या पानावरचे दहाही निकाल उघडून शेवटपर्यंत वाचायचे. फक्त मथळे चाळून भागत नाही.

‘हापूस आंब्यातला साका कसा ओळखावा’ हा प्रश्न घ्या. वाचताना मी काही गोष्टी तपासते. हाच प्रश्न किती पानांच्या मथळ्यात आहे? की आंब्यावरच्या लांबलचक लेखात साक्याला एकच ओळ दिली आहे? वरच्या निकालांत प्रश्नोत्तरांची साइट, फेसबुक पोस्ट, विद्यापीठाची स्कॅन केलेली पीडीएफ किंवा जुनी बातमी आहे का? असेल तर गूगलला चांगलं पान सापडलेलं नाही, म्हणून त्याने मिळेल ते दाखवलंय असं समजा. उत्तर देणाऱ्याने कधी आंबा कापून पाहिलाय असं वाटतं का? कापलेल्या फळाचा स्वतः काढलेला फोटो आहे का? आणि सर्वांत महत्त्वाचं, उत्तर खरं आहे का? साका बाहेरून पाहून खात्रीने ओळखता येत नाही. फळ कापल्यावरच कोयीभोवतीचा फिकट, स्पंजासारखा, आंबट गर दिसतो. झाडावर फार पिकू दिलेल्या फळांत साका जास्त निघतो, म्हणूनच चौदा आणे (सोळापैकी चौदा भाग) तयार झालेला आंबा उतरवायचा असं आमच्याकडे सांगतात. हे सगळं प्रामाणिकपणे, फोटोसकट सांगणारं पान वर नसेल, तर ती जागा तुमची आहे.

याच्या शेजारी ‘कार्बाईडने पिकवलेला आंबा कसा ओळखावा’ हा प्रश्न ठेवा. तोही फोनवर नेहमी येतो. पण दर एप्रिलमध्ये प्रत्येक मोठी बातम्यांची साइट याच मथळ्याची बातमी देते. ‘देवगड आणि कर्नाटक हापूस फरक’ याचंही तसंच. प्रश्न चांगले आहेत, त्यांची उत्तरं गिऱ्हाइकाला व्हॉट्सॲपवर जरूर द्या, पण नव्या साइटची ताकद तिथे खर्च करू नका.

आणखी एक गाळणी. ज्याचं उत्तर एका ओळीत संपतं, ते गूगल आता बऱ्याचदा निकालांच्या वरच देऊन टाकतं आणि वाचक तुमच्यापर्यंत येतच नाही. एका डझनात किती आंबे, असली पानं करण्यात अर्थ नाही. ज्याला फोटो, दिवसागणिक बदल, हाताची कृती लागते ते निवडा. अढी हे त्याचं उत्तम उदाहरण : भाताचा पेंढा किती, थर किती, फळ कसं ठेवायचं, कितव्या दिवशी उलटून बघायचं, वास कधी सुटतो.

टूलचे आकडे

कोणता शब्द किती वेळा शोधला जातो हे दाखवणारं गूगल कीवर्ड प्लॅनर फुकट आहे, त्यासाठी गूगल ॲड्सचं खातं लागतं. भाषा मराठी आणि ठिकाण महाराष्ट्र निवडा. त्यातला ‘स्पर्धा’ हा रकाना जाहिरातदारांची चढाओढ सांगतो. फुकटच्या निकालांत वर येणं सोपं की अवघड, याच्याशी त्याचा संबंध नाही, आणि इथे फार जणांची गल्लत होते. जाहिरातीवर खर्च नसेल तर शोधांची संख्याही शंभर ते हजार अशा ढोबळ पट्ट्यात मिळते. एचरेफ्ससारख्या कीवर्ड तपासायच्या टूलमधला अवघडपणाचा आकडा मुख्यतः पहिल्या दहा पानांना बाहेरून किती साइटनी लिंक दिल्या आहेत त्यावरून काढलेला असतो. ती पानं चांगली आहेत की रद्दी, हे तो सांगत नाही.

मराठी प्रश्नांसमोर ही टूल्स अनेकदा शून्य दाखवतात. तेवढ्यावर प्रश्न खोडू नका. रोजच्या शोधांपैकी सुमारे १५ टक्के शोध आधी कधीच झालेले नसतात, असं गूगल स्वतः सांगत आलं आहे. एकाच हंगामात तीन वेगवेगळ्या गिऱ्हाइकांनी तोच प्रश्न फोनवर विचारला असेल, तर माझ्यासाठी तो शून्यापेक्षा मोठा पुरावा आहे.

जे देता येत नाही त्याचा कीवर्डही धरू नये, असं माझं ठाम मत आहे. अमेरिकेतली मराठी मंडळी हापूस शोधतात, आणि २००७ पासून भारतीय आंबा तिकडे जातोही. पण त्यासाठी विकिरण प्रक्रिया आणि निर्यातीची सगळी व्यवस्था लागते. तुम्ही पुणे आणि मुंबईलाच पेट्या पाठवत असाल तर ‘अमेरिकेत हापूस’ हे पान करून कुणाला आशेला लावू नका. तसंच जीआयचं, म्हणजे भौगोलिक मानांकनाचं. २०१८ मध्ये रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या जिल्ह्यांच्या हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं. तुमची अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी असेल तर ‘जीआय हापूस कसा ओळखावा’ हे पान तुमच्या प्रमाणपत्राच्या फोटोसह जरूर करा. नोंदणी नसेल तर आधी ती करून घ्या.

पान आणि वेळ

एका प्रश्नाला एकच पान. ‘अढी’ आणि ‘आढी’ अशी दोन पानं करू नका, ती एकमेकांच्या आड येतात. एकाच पानात दोन्ही रूपं सहज येऊ द्या. प्रश्न मथळ्यात ठेवा, उत्तर पहिल्या परिच्छेदात द्या, तपशील त्यानंतर. पानाचा पत्ता रोमन अक्षरांत छोटा ठेवा. देवनागरी पत्ता व्हॉट्सॲपवर कॉपी केला की बऱ्याचदा टक्क्यांच्या चिन्हांची लांबलचक माळ होते आणि लोक ती लिंक उघडायला घाबरतात. साक्याच्या पानाखाली साका निघाला तर तुम्ही फळ बदलून देता का, हे स्पष्ट लिहा. तिथे आलेल्या माणसाला पुढचा प्रश्न तोच पडलेला असतो.

गूगल ट्रेंड्सवर ‘हापूस’ टाकून गेल्या पाच वर्षांचा आलेख पाहा. उन्हाळ्यात डोंगर, बाकी वर्ष सपाट. नवं पान वर यायला महिने लागू शकतात, म्हणून एप्रिलमध्ये लिहायला बसलात तर हंगाम हातचा जातो. कलमांना मोहोर दिसायला लागला की लिहायला घ्या आणि जानेवारीपर्यंत पानं चढवून टाका. फोटो मात्र आदल्या मे महिन्यातच काढून ठेवावे लागतात, कारण डिसेंबरात कापायला पिकलेला हापूस कुठून आणणार?

पावसाळ्यात कामं थोडी हलकी झाली की सर्च कन्सोल उघडा. आपली साइट कोणत्या शोधांत दिसली हे दाखवणारं हे गूगलचं टूल. त्यात मागच्या १६ महिन्यांची माहिती मिळते. त्यातल्या ‘परफॉर्मन्स’ या भागात सरासरी क्रमांक साधारण आठ ते वीसच्या दरम्यान असलेले शोध वेगळे काढा : गूगल तुम्हाला तिथे दाखवतंय, पण माणूस तुमच्यापर्यंत पोचत नाहीये. तो शोध जसाच्या तसा पानावर आहे का बघा. नसेल तर त्याचं उत्तर त्याच पानात घाला आणि मथळा त्या शब्दांच्या जवळ न्या. या यादीत वहीत कधीच न आलेले प्रश्नही सापडतात. ते वहीत लिहून त्यांचंही पहिलं पान वाचून काढा, म्हणजे मोहोर येईपर्यंत पुढच्या पानांची यादी तयार असते.