विकास आराखड्यातील शाळेचे आरक्षण: हरकत केव्हा आणि कशी नोंदवावी

शहरात महापालिकेची शाळा कोठे उभी राहील, याचा निर्णय बहुतेक वेळा ती बांधण्याच्या कितीतरी वर्षे आधी, विकास आराखडा, म्हणजे शहरातील कोणती जमीन कशासाठी वापरायची हे ठरवणारा नकाशा, तयार होतानाच झालेला असतो. त्यात शाळेसाठी जागा राखून ठेवणे म्हणजे शाळेचे आरक्षण. त्यामुळे शाळेच्या जागेबद्दल ज्यांना काही म्हणायचे आहे, त्यांनी शिक्षण विभागाकडे जाण्यापूर्वी नगररचना विभागात जाऊन नकाशा पाहावा.

महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम २६ नुसार प्रारूप विकास आराखडा, म्हणजे त्याचा मसुदा, प्रसिद्ध झाल्यावर सूचना व हरकतींसाठी ठराविक मुदत मिळते. ही मुदत वाटते त्याहून फार लहान आहे, कारण तिचे पहिले आठवडे सूचना कोणाच्या नजरेस पडण्यातच निघून जातात. म्हणून आपल्या जमिनीचा सिटी सर्व्हे नंबर किंवा गट नंबर (सरकारी भूमी अभिलेखातील जमिनीचा क्रमांक) आधीच काढून ठेवावा आणि प्रारूप प्रसिद्ध होताच आपल्या परिसराचा भाग नकाशा व सोबतचा अहवाल मिळवावा. नकाशात आरक्षणाला क्रमांक दिलेला असतो आणि त्याचा वापर, क्षेत्र व सर्व्हे नंबर अहवालातील तक्त्यात सापडतात. नकाशा आणि तक्ता यांचा मेळ बसत नसेल, तर तीच पहिली हरकत समजावी. जुना मंजूर आराखडाही शेजारी ठेवून पाहावा, कारण नव्या आराखड्यात जे दिसत नाही ते जुन्या आराखड्याशिवाय लक्षात येत नाही.

हरकतीचा अर्ज लिहिताना ‘आमच्या भागात शाळा हवी’ एवढ्यावर थांबू नये. त्या वाक्याला कोणाचाच विरोध नसतो आणि म्हणूनच त्यावर कोणाला काही करावेही लागत नाही. मागणी नेमकी असावी: ‘सिटी सर्व्हे नंबर अमुक, मंजूर आराखड्यातील आरक्षण क्रमांक तमुक, प्राथमिक शाळा व क्रीडांगण, हे आरक्षण पूर्ण क्षेत्रासह कायम ठेवावे.’ त्याखाली कारणे द्यावीत. शिक्षण हक्क कायद्याच्या राज्य नियमांत पहिली ते पाचवीसाठी १ किलोमीटरच्या आत व सहावी ते आठवीसाठी ३ किलोमीटरच्या आत शाळेची अपेक्षा आहे. पण हे अंतर नकाशावर सरळ रेषेत न मोजता मूल प्रत्यक्ष ज्या वाटेने चालेल त्या वाटेने मोजून दाखवावे. मध्ये रेल्वेमार्ग, नाला किंवा महामार्ग असेल, तर ओलांडण्याची जागा नकाशावर खुणेने दाखवावी. जवळच्या शाळांचे पट आणि वर्गखोल्या यांची यू-डायस या शाळांच्या सरकारी माहिती प्रणालीतील माहिती जोडल्यास ‘शेजारी शाळा आहे’ हे उत्तर टिकत नाही. क्रीडांगण गाळून फक्त इमारतीपुरती जागा ठेवली जात आहे का, हेही तपासावे. ही कपात बहुधा कोणी आवाज न करता होते.

छापील नमुन्यावर शेकडो सह्या घेण्याची पद्धत लोकप्रिय आहे, पण सुनावणीत असे अर्ज एका गठ्ठ्यात हाताळले जाण्याचा संभव असतो. निरनिराळ्या मुद्द्यांचे थोडे अर्ज अधिक उपयोगी पडतात. प्रत्येक अर्जावर आवक शिक्क्याची पोच घ्यावी आणि सुनावणीची मागणी अर्जातच लिहावी. कलम २८ नुसार नियोजन समिती सुनावणी घेते. तीत नियोजन प्राधिकरणाचे ३ सदस्य व बाहेरून नेमलेले ४ पर्यंत तज्ज्ञ असतात. तेथे बोलायला थोडाच वेळ मिळतो, म्हणून रंगवलेला नकाशा हाती देऊन एकच मुद्दा मांडावा.

हरकती व्यर्थ जातात असे मानण्याचे कारण नाही. मुंबईच्या प्रारूप आराखड्यातील चुकांवर टीका झाल्यानंतर एप्रिल २०१५ मध्ये राज्य सरकारने तो नव्याने करण्यास सांगितले आणि सुधारित प्रारूप २०१६ मध्ये लोकांसमोर आले.

आराखडा मंजूर झाला म्हणजे आरक्षण सुरक्षित झाले, असेही नाही. कलम ३७ अन्वये फेरबदल करून शाळेचे आरक्षण हलवता किंवा कमी करता येते. त्याची सूचना राजपत्रात प्रसिद्ध होते आणि हरकतींना एक महिना मिळतो. दुसरा धोका कलम १२७ चा. अंतिम आराखडा अमलात आल्यापासून १० वर्षांत जमीन संपादित झाली नाही, तर मालक मालकीच्या कागदपत्रांसह नोटीस देऊ शकतो आणि त्यानंतर २४ महिन्यांत संपादन किंवा त्या दिशेने कार्यवाही न झाल्यास आरक्षण व्यपगत होते, म्हणजे संपुष्टात येते. मालकाची तक्रार रास्तच असते. जमीन अडवून ठेवायची आणि मोबदला द्यायचा नाही, हा व्यवहार न्याय्य म्हणता येत नाही. म्हणून दहावे वर्ष जवळ आल्यावर माहितीच्या अधिकारात तीन गोष्टी विचाराव्यात: नोटीस आली आहे काय, आली असल्यास कोणत्या तारखेला, आणि संपादनासाठी अंदाजपत्रकात किती तरतूद आहे. नोटीस आलेली असल्यास तिची तारीख लिहून त्याच आठवड्यात आयुक्त व स्थानिक नगरसेवक यांना संपादनाचा प्रस्ताव मांडण्याविषयी लेखी पत्र द्यावे आणि त्या पत्राचीही पोच जपून ठेवावी.