तालुक्याचं लसीकरण मोजायचंय? ३० समूहांचा प्रकल्प असा करा

प्रकल्प हातात पडला की बहुतेक गट आधी प्रश्नावली करायला बसतात. ती शेवटी करा. खरं काम गावं आणि घरं निवडण्यात आहे.

तालुक्यातली सगळी गावं लोकसंख्येसह लिहा आणि शेजारच्या रकान्यात चढती बेरीज मांडा. एकूण १,८६,००० आली, तर भागिले ३०, म्हणजे अंतर ६,२००. १ ते ६,२०० मधला कुठलाही आकडा चिठ्ठीने काढा, समजा ३,४१५. चढत्या बेरजेत हा आकडा ज्या गावात पडतो तो पहिला समूह. पुढे ६,२०० मिळवत जा: ९,६१५, १५,८१५... मोठं गाव दोनदा आलं तर तिथे दोन समूह घ्यायचे, बदलायचं नाही. वाड्या, वीटभट्ट्या, ऊसतोड कामगारांच्या कोप्या यादीत नसतील, तर लस न मिळालेली मुलंच निसटतात.

दर समूहात मुलं ७. ५० टक्के व्याप्ती (म्हणजे निम्म्या मुलांना लस मिळालेली) आणि १० टक्क्यांची चूक धरली की ९६ मुलं लागतात. एका गावातली मुलं एकमेकांसारखी असतात म्हणून दुप्पट, १९२. भागिले ३० केलं की ६.४. अर्ध्या मुलाला भेटता येत नाही, म्हणून ७ आणि एकूण २१०.

मूल १२ ते २३ महिन्यांचं हवं. १५ जानेवारी २०२५ला गेलात, तर जन्म १६ जानेवारी २०२३ ते १५ जानेवारी २०२४ मधला. वय विचारू नका, जन्मतारीख बघा.

पहिलं घर चिठ्ठीनेच ठरवा, पुढचं म्हणजे ज्याचं दार सर्वांत जवळ ते. आशाताई वस्ती दाखवायला हव्यातच, घरं निवडायला नकोत. त्या नकळत लसीकरणाचं कार्ड जपणाऱ्या घरी नेतात. कुलूप दिसलं तर संध्याकाळी परत जा. कामावर जाणाऱ्या आयांची घरं दुपारी बंदच असतात. डब्ल्यूएचओच्या २०१८च्या मार्गदर्शिकेत तर आधी सगळ्या घरांची यादी करून त्यातून सोडत काढायला सांगितलंय. वेळ असेल तर तेच करा.

“सगळ्या लसी झाल्या का?” असं विचारलं की उत्तर ठरलेलं: “हो, झाल्या की.” त्याऐवजी माता-बाल संरक्षण कार्ड मागा आणि टिकमार्क नाही, तारखा उतरवा. कार्ड नसेल तर डाव्या दंडावर बीसीजीचा (क्षयरोगावरच्या लसीचा) व्रण आहे का ते पाहा (नसला म्हणून लस दिलीच नाही असं नव्हे), मांडीत सुई किती वेळा टोचली ते विचारा. पल्स पोलिओचे थेंब नियमित डोसांत मोजू नका. नोंदीत कार्डावरून, आईच्या सांगण्यावरून, दिलेली नाही, माहीत नाही असे चार वेगळे कोड ठेवा. ‘माहीत नाही’ म्हणजे ‘नाही’ नव्हे.

तारखा असल्या की आणखी एक गोष्ट कळते: नऊ महिने भरायच्या आत दिलेली गोवर-रुबेला, किंवा चार आठवड्यांच्या आत दिलेला पेंटाचा (पाच रोगांवरच्या एकत्रित लसीचा) पुढचा डोस, दिला असला तरी वैध नाही. दिलेले आणि वैध, दोन्ही डोसांच्या टक्केवाऱ्या वेगळ्या द्या.

तक्त्यात समूहक्रमांकाचा रकाना राहू द्या, नाहीतर विश्वासमर्यादा (खरी टक्केवारी ज्या दोन आकड्यांच्या दरम्यान असावी, ते आकडे) खोट्या अरुंद निघतात. आणि गावनिहाय आलेख काढायचा मोह आवरा. सातांत एक मूल म्हणजे १४ टक्के. त्यावरून कुठल्याच उपकेंद्राला नापास करता येत नाही.