मित्राने वाढलेलं शिकारीचं मटण बिघडलेलं असेल तर कसं वागावं

हुरड्याचे दिवस आले की सोलापूरच्या आसपासच्या वस्त्यांवर जेवणाची आमंत्रणं सुरू होतात. त्यातच एखादा मित्र फोनवर आवाज खाली आणून म्हणतो, "शिकार आणलीय बे, ये रात्री." जायचं का, गेलो तर काय खायचं आणि ताटातलं कच्चं किंवा चिवट निघालं तर ते सांगायचं कसं, असे तीन प्रश्न इथे एकदम उभे राहतात. त्यांचा निकाल एकेक करून लावावा.

पहिली पायरी: कसली शिकार, ते फोनवरच विचारा

ताट वाढल्यावर विचारलं तर चारचौघांत यजमानाचा पाणउतारा होतो, म्हणून हा प्रश्न घरून निघण्याआधीच विचारायचा. ससा, तितर, घोरपड, काळवीट यांपैकी काहीही असेल तर ते खायचं नाही. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा आहे. त्यानुसार यांची शिकार गुन्हा आहे आणि मांस जवळ बाळगणंही गुन्हाच. काळवीट आणि घोरपड पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सर्वांत कडक संरक्षणाच्या यादीत येतात, त्यासाठी किमान ३ आणि कमाल ७ वर्षं कैद होऊ शकते. "रानडुक्कर पिकं खातंय, परवानगी काढून मारलंय," असं कोणी म्हणेल. पीक नासवणाऱ्या डुकरासाठी वनखातं परवानगी देऊ शकतं, हे खरं. पण ते मारल्यावर सरकारी मालमत्ता होतं. ते घरच्या पातेल्यात घालायची मुभा त्या परवानगीत नसते.

नान्नजच्या माळावर माळढोक पक्ष्यासाठी १९७९ मध्ये अभयारण्य झालं, तरी आज तिथे माळढोक दिसणं दुर्मीळ झालंय. हे आपल्या जिल्ह्यात घडलंय, म्हणून "एका सशानं काय होतंय" हे वाक्य मला पटत नाही.

फोनवर एवढंच सांगा, "मी येतो, पण मला भाकरी आणि शेंगाभाजी ठेव. शिकार मी खात नाही." हे ताटावरच कळलं तर रस्साही घेऊ नका. हात जोडून "मला नको" म्हणा आणि चटणी-भाकरी मागून घ्या. त्याचे वडील, मुलं समोर असताना कायदा काढू नका. दुसऱ्या दिवशी त्याला एकट्याला गाठून स्पष्ट बोला. नेहमीच जाळी-फासे लावणारा कोणी असेल, तर वनखात्याची १९२६ ही हेल्पलाइन आहे. तिथे कळवण्यात मैत्रीचा द्रोह नाही.

दुसरी पायरी: कच्चं की नुसतंच चिवट, ते ओळखा

फार्मवरची बटेर किंवा गावरान कोंबडा असेल तर कायद्याची अडचण नाही, उरते ती स्वयंपाकाची. मांडीचा सांधा उघडून पाहा. हाडाजवळ मांस गुलाबी, पाणचट दिसतंय आणि हाड सोडत नाहीये, म्हणजे ते कच्चं आहे. इथे भिडेखातर गिळू नका. कच्च्या कोंबडीतून साल्मोनेलासारखे जंतू पोटात जातात. पंगतीत घोषणा न करता चुलीपाशी जाऊन हळूच सांगा, "वहिनी, अजून थोडं शिजायला पाहिजे, सगळ्यांचंच परत चढवू या." शक्य असेल तर पातेलं उचलायला स्वतः हात लावा. त्या वेळी त्यांना थोडं अवघडल्यासारखं होईल, पण रात्री साऱ्या घराचं पोट बिघडण्यापेक्षा ते बरं.

चिवट असेल तर गोष्ट निराळी. जून कोंबड्याच्या स्नायूंमधला कोलॅजेन, म्हणजे मांस चिवट करणारं प्रथिन, मंद आचेवर बराच वेळ ठेवल्याशिवाय विरघळत नाही, भडक जाळावर मांस उलट आखडतं. बटेरीचं याच्या उलट: चरबी कमी आणि जीव लहान, त्यामुळे जास्त शिजली की कोरडी पडते. असं मांस आरोग्याला वाईट नाही. दोन तुकडे खा आणि बाकी भूक रस्सा-भाकरीवर भागवा. रस्सा जाळ झाला असेल तर शेंगदाण्याचा कूट मागून घ्या, सोलापुरात तो कुठल्याही घरात असतो. उरलेली हाडं कुत्र्याला टाकू नका, शिजलेल्या पक्ष्याच्या हाडाच्या कपच्या त्याच्या घशात रुततात.

तिसरी पायरी: बोलायचं कसं

"झकास झालंय" असं खोटं म्हणू नका, पुढच्या खेपेला तेच ताट पुन्हा समोर येईल. खरंच जमलं असेल त्याचं नाव घ्या: भाकरी, काळा मसाला, चटणी. मित्रानं थेट विचारलंच तर "मसाला चांगला उतरलाय बे, मांसाला अजून तासभर लागला असता," एवढं सांगा. त्याच्या आईनं रांधलं असेल तर तेवढंही न बोलता दुसऱ्या दिवशी मित्राला सांगा.

पुढच्या वेळी कोंबडा आणायला तुम्हीही सोबत जा. पायामागचा काटा लांब आणि टणक असेल तर कोंबडा जून आहे. छातीच्या हाडाचं टोक बोटानं दाबल्यावर लवलं तर तो कोवळा. जून घेतलात तर दुपारपासूनच चुलीवर चढवा.