वृद्धनिवासातला सण: आधी निघायची वेळ ठरवा

वृद्धनिवासात राहणाऱ्या आई-वडिलांचा सण कसा करावा यावर जे सल्ले मिळतात ते बहुतेक सजावटीवर सुरू होतात आणि सजावटीवरच संपतात. खोली सजवायला अर्धा तास पुरतो. जीव कासावीस होतो तो आपण चप्पल पायात सरकवताना. आईचे आठ वर्षांतले सगळे सण मी तिच्या त्या खोलीत केले. त्यातली पहिली दोन वर्षं निघताना तीही रडायची आणि मीही.

आधी फोन

जेवण आणि औषधं किती वाजता, एका वेळी किती माणसं चालतात, खाण्याचं पथ्य काय, हे आदल्या आठवड्यात विचारून घ्या. गिळायला त्रास असलेल्या माणसाला प्रेमाने भरवलेला एक घासही श्वासनलिकेत जाऊ शकतो. त्यामुळे विचारल्याशिवाय काही भरवू नका.

वेळ आणि माणसं

स्मृतिभ्रंश असलेल्यांची घालमेल बहुधा दुपार कलली की वाढते, म्हणून सकाळ निवडा. माणसं तीन, फार तर चार. ऐकण्याचं यंत्र आजूबाजूचा गलकाही मोठा करून कानात ओततं. वयाने कमी झालेल्या कानांना उंच पट्टीतले आवाज आधी जड जातात आणि लहान मुलं नेमकी त्याच पट्टीत बोलतात. आजी नातवाकडे लक्ष देत नाही असं वाटतं तेव्हा तिला तो ऐकूच येत नसतो. टीव्ही बंद करा आणि मुलाला तिच्यासमोर बसवा.

सजावट

कमी. कुणाला ऑक्सिजन लावलेला असेल तर जवळपास उघडी ज्योत अजिबात नको.

काम द्या

पाहुण्यासारखं बसवून ठेवलेला माणूस कंटाळतो. नातवंडांना काय द्यायचं ते आईने ठरवायचं, सोबतची चिठ्ठी तिने सांगायची आणि मी लिहायची, अशी आमची पद्धत होती. हे सणाच्या चार-पाच दिवस आधीच सुरू करा.

तीच ती जुनी गोष्ट पुन्हा निघाली तर तोडू नका. रॉबर्ट बटलर या मानसोपचारतज्ज्ञांनी १९६३ सालीच मांडलं होतं की उतारवयात मागचं आठवत बसणं हे आयुष्याचा हिशेब लावण्याचं स्वाभाविक काम आहे. फक्त "हे आठवतंय का? ही कोण, ओळख बघू?" असली तोंडी परीक्षा घेऊ नका. "आई, ही तुझी नात" म्हणा आणि पुढे बोला.

निघणं

पहिल्या वर्षी आम्ही अकरा जण गेलो. तीन तास नुसता कल्ला. मग सगळे एकदम उठले आणि दोन मिनिटांत खोली ओस पडली. दारातून मागे पाहिलं, तर आई रिकाम्या खुर्च्यांकडे बघत बसली होती.

दुसऱ्या वर्षी कुणीतरी शहाणपण शिकवलं: ती बाथरूममध्ये गेली की गुपचूप सटकायचं. आम्ही तसंच केलं. त्या रात्री ती कॉरिडॉरभर आम्हाला शोधत फिरली. आणि पुढच्या भेटीत बाथरूमला जायलाच तयार होईना. हा सल्ला मला अजूनही ऐकायला मिळतो आणि दर वेळी डोकं फिरतं. न सांगता निघू नका.

त्यानंतर जे जमलं ते असं. निघायची वेळ तिथल्या जेवणाच्या वेळेला जोडायची. आल्या आल्याच सांगायचं, "तुझ्या जेवणापर्यंत आहे मी." बाकीच्यांनी एकेक करून आधी निघायचं, जिच्याजवळ आई सगळ्यात शांत असते तिने शेवटी. माझी पिशवी मी खोलीबाहेरच ठेवायची, कारण ती उचलली की आईचा चेहरा उतरायचा. जेवणाची हाक आली की तिच्याबरोबर चालत जायचं, तिला मैत्रिणीशेजारी बसवायचं, मदतनीस बाईंना खूण करायची आणि निघायचं. म्हणजे मी तिला सोडून जात नाही. ती जेवायला जाते, मी पोचवते. निरोप एकदाच घ्यायचा, तोही छोटा. दारातून परत फिरलात की सगळं पहिल्यापासून.

पुढच्या भेटीचा दिवस तिच्या हाताने कॅलेंडरवर लिहून घ्या. मात्र नक्की येणार असाल तरच.

"मला घरी ने" हे वाक्य येणारच. डोकं लख्ख असलेल्या माणसाला सरळ उत्तर द्या: "आई, तुला जिना चढवत नाही आणि दिवसभर घरी कुणी नसतं, म्हणून नेता येत नाही." मग जी शांतता पसरेल ती सोसा. "पुढच्या सणाला नेऊ" ही थाप मारू नका, तेवढं त्यांना पक्कं लक्षात राहतं.

स्मृतिभ्रंशात गोष्ट वेगळी. तिथे 'घर' हे कधी कधी पन्नास वर्षांपूर्वीचं असतं. आई म्हणायची, "चल, बाबा वाट बघत असतील." आजोबांना जाऊन तीस वर्षं झालेली. पहिल्यांदा मी खरं सांगितलं आणि तिने ती बातमी नव्याने ऐकल्यासारखा आकांत केला. नंतर मी विचारायला लागले, "उशीर झाला की बाबा काय म्हणायचे गं?" ती सांगायला लागायची, आणि सांगता सांगता आम्ही जेवणघरात पोचायचो. यात खोटं बोलावं लागत नाही आणि तिची चूकही काढावी लागत नाही.

नंतरचा आठवडा

सणाच्या दिवशी तिथे गर्दी असते, तिसऱ्या दिवशी चिटपाखरू नसतं. तेव्हा एकट्याने जा, मोठे छापलेले फोटो घेऊन, प्रत्येकावर ठळक अक्षरात नावं लिहून.

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तिथे फोन करून विचारा, रात्री झोप लागली का. आईला लागली नसेल, तर पुढच्या वेळी मी माणसं कमी करायचे.