जाळी बुडवण्याआधी: पाण्यातले बारीक कवचधारी बघायला निघताना

जलपिसवा, सायक्लॉप्स, परीझिंगे हे झिंग्यांचे बारीक नातलग बघायला जायचं असेल तर आधी ठिकाणं ठरवा, आणि ती एकमेकांपासून वेगळी हवीत. बेळगाव जिल्ह्यात खानापूरकडे जांबोटी-कणकुंबीच्या जांभ्याच्या कातळावर पहिल्या पावसात भरणारं डबकं, मासे असलेलं गावतळं आणि अथणी-चिकोडीकडच्या काळ्या रानातली विहीर, एवढी तीन पुरेत. विहीरमालकाला आदल्या दिवशी विचारून ठेवा. अभयारण्याच्या हद्दीत जायचं तर वनखात्याची परवानगी लागते.

जाळी सगळ्यात शेवटी काढायची. सापडलेल्या प्राण्याचा अर्थ पाण्याच्या नोंदीशिवाय लागत नाही, म्हणून पहिल्यांदा थर्मामीटर, पीएच पट्ट्या आणि विरघळलेले क्षार मोजणारा टीडीएस मीटर पिशवीत टाका. घरात आरओ असलेल्यांकडे हा मीटर बहुधा असतोच. मत्स्यालयाच्या दुकानात मिळणारा कठीणपणा मोजायचा संचही घ्या. कवच घडवायला कॅल्शियम लागतं. जांभ्यावरचं पावसाचं पाणी मऊ असतं, तर काळ्या मातीतल्या विहिरीचं पाणी सहसा जड. डॅफ्नियासारख्या कॅल्शियमच्या भुकेल्या जलपिसवा कुठे तग धरतील, याचा अंदाज इथेच येतो.

ऑक्सिजन मोजायचा असेल तर कॉलेजच्या प्रयोगशाळेतून विंकलर पद्धतीच्या बाटल्या आणि रसायनं मागून आणा, आणि जागेवरच रसायनं घालून नमुना स्थिर करा. बेळगावच्या उंचीवर २५ अंश सेल्सिअसच्या पाण्यात हवेतून जास्तीत जास्त सुमारे साडेसात मिलिग्रॅम प्रतिलिटर ऑक्सिजन विरघळतो. पाणी तापलं की आणखी कमी. शेवाळाने हिरव्या झालेल्या तळ्यात त्याचं प्रमाण पहाटे अगदी कमी होतं आणि दुपारी वाढतं, त्यामुळे तिन्ही ठिकाणी एकाच वेळी पोहोचता येत नसेल तर निदान घड्याळाची वेळ लिहा. शेणामुताच्या, ऑक्सिजन कमी असलेल्या डबक्यात लालसर मोइना (याही जलपिसवाच) दिसल्या तर दचकू नका, हिमोग्लोबिन वाढवूनच त्या तिथे जगतात.

जाळीच्या कापडाची छिद्रं ६० ते ८० मायक्रॉनची असावीत. १५० ची घेतली तर सायक्लॉप्सची पिल्लं निसटतात. पाणवनस्पती बादलीत झटकून घ्यायला आणि तळाचा गाळ पिपेटने ओढायला विसरू नका. दोन शिंपल्यांत बसलेले इवलेसे ऑस्ट्रॅकोड तिथेच असतात. माशांच्या तळ्यात दिवसा मोठे प्राणी वर दिसणार नाहीत, मासे टिपतात म्हणून ते खाली उतरतात. तिथे संध्याकाळनंतरचा एक नमुना घ्या, पण एकट्याने काठावर थांबू नका.

पायऱ्यांच्या जुन्या विहिरी तर मुद्दाम बघा. पूर्वी नारू या जंताचा रोग अशाच पाण्यातल्या सायक्लॉप्समधून पसरायचा आणि पाणी कापडातून गाळलं की टळायचा. जागतिक आरोग्य संघटनेने २००० साली भारत नारूमुक्त म्हणून जाहीर केला.

परीझिंग्यांची तयारी मात्र उन्हाळ्यातच करायची, आणि मला सगळ्यात मोलाची हीच वाटते. कातळावरचं डबकं आटतं, मासे टिकत नाहीत, म्हणून तर परीझिंगे तिथे वाढतात. त्यांची अंडी सुक्या मातीत महिनोन्महिने तग धरतात. मे महिन्यात त्या खळग्यातली मूठभर माती कागदी पाकिटात भरा आणि घरी पसरट भांड्यात पावसाच्या पाण्यात भिजवा. नळाचं पाणी नको, क्लोरीन घात करतं. काही दिवसांत हालचाल दिसू लागते. सगळी अंडी एकाच पावसाला फुटत नाहीत, एखादा पाऊस फसला तरी वंश उरावा म्हणून; तेव्हा पाणी आटू द्या आणि पुन्हा भिजवा.

नमुन्यांसाठी अल्कोहोल घ्या, मुलं बरोबर असतील तर फॉर्मॅलिन टाळा. चिठ्ठी पेन्सिलीने लिहून बाटलीच्या आत टाका, शाई अल्कोहोलमध्ये धुऊन जाते. प्रत्येक पाण्याला वेगळी जाळी ठेवा; अंडी वाळूनही मरत नाहीत, आणि खानापूरचे जीव अथणीच्या विहिरीत आपल्या हातून जायला नकोत. काही सापडलं नाही तरी तापमान, पीएच आणि वेळेपुढे शून्य लिहा.