ठिकरी खेळा, भिंतीवर चित्र उमटेल

हात हलवला की रंग उडवणाऱ्या भिंती हल्ली मॉलमध्येही दिसतात. पोरं घटकाभर हात हलवतात आणि निघून जातात, कारण तिथे खेळ असा काही नसतोच. तशी भिंत स्वतः बनवायची, तर सुरुवात संगणकापासून नको, खेळापासून करा. ठिकरी यासाठी फार सोयीची. सहा घरं, फरशीचा एक तुकडा, आणि नियम सगळ्यांना तोंडपाठ. नवी मुंबईतल्या नेरूळ-सीवूड्सच्या सोसायट्यांत इमारतीखाली पार्किंग असतं. कडेच्या दोन गाड्या हलवल्या की जागा झाली. सेक्रेटरींना आधी विचारून ठेवा.

पायपट्ट्या

घरात पाय पडला हे संगणकाला कळवतात त्या या पट्ट्या. सगळ्यात जास्त वेळ यांना द्या. प्रत्येक घरासाठी फूटभर लांब-रुंद पुठ्ठ्याचे दोन तुकडे कापा आणि दोन्हींच्या आतल्या बाजूला स्वयंपाकघरातली अ‍ॅल्युमिनियम फॉइल चिकटवा. मध्ये पॅकिंगच्या फोमचा पातळ तुकडा घाला आणि त्याला नाण्यापेक्षा मोठी पाच-सहा भोकं पाडा. पाय पडला की भोकांतून फॉइलला फॉइल टेकते. उचलला की फोम दोघींना दूर करतो. फोम जाड असेल तर पहिलीतल्या पोराच्या वजनाने फॉइल टेकणारच नाही, फारच पातळ असेल तर पट्टी कायम दाबलेली राहील. तेव्हा सगळ्यात हलक्या खेळाडूला एका पायावर उभं करून तपासा. पट्टी घसरली तर लंगडी घालणारा तोंडावर पडेल. खाली रबरी जाळीची मॅट घाला आणि चारही कडा कापडी चिकटपट्टीने जमिनीला पक्क्या करा. वायरी एकाच बाजूने काढा.

बोर्ड

पट्ट्या आणि संगणक यांच्यामध्ये एक छोटा सर्किट बोर्ड लागतो. त्याचं काम एवढंच, की संगणकाला वाटावं कुणीतरी कीबोर्ड दाबतंय. मेकी मेकी हा तयार बोर्ड त्यासाठीच आहे: चार बाण, स्पेस आणि क्लिक, म्हणजे नेमकी सहा घरं. पट्टीतली एक फॉइल बोर्डावरच्या 'अर्थ' (Earth) या टोकाला जोडा, दुसरी एका कीला. मात्र या बोर्डाचे पुलअप रेझिस्टर (की दाबलेली नसताना तिला 'बंद' धरून ठेवणारे रोधक) २२ मेगाओहमचे, म्हणजे फारच मोठे असतात. केळ्यातून जाणारा बारीक प्रवाहही त्याला कळतो, तसा पावसाळ्यातला ओला पुठ्ठाही कळतो, आणि कुणी पाय न ठेवताच चित्र सुरू होतं. माझं मत विचाराल तर मुंबईतल्या लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातून अर्डुइनो लिओनार्डो किंवा प्रो मायक्रो हा बोर्ड आणा. त्यांच्या आतले पुलअप वीस ते पन्नास हजार ओहमचेच, त्यामुळे दमटपणाचा त्रास बराच कमी. अर्डुइनोचाच साधा उनो (आर-३) नको. तो थेट कीबोर्ड होत नाही. बोर्डाला यूएसबीचे ५ व्होल्ट पुरतात. लॅपटॉप बॅटरीवरच चालवा, आणि प्रोजेक्टरची वायर खेळाच्या वाटेत येऊ देऊ नका.

चित्राचा नियम

कोड लिहून चित्रं काढायची सोय म्हणून केसी रीस आणि बेन फ्राय यांनी २००१ साली प्रोसेसिंग सुरू केलं. लॉरेन मॅकार्थी यांचं पी-फाइव्ह-जेएस त्याच घराण्यातलं. त्याचा एडिटर ब्राउझरमध्ये फुकट उघडतो. प्रत्येक घराला एक रंग द्या: चिखलाचा करडा, तिवरांचा हिरवा, फ्लेमिंगोंचा गुलाबी, खाडी जवळच आहे, रंग तिथूनच उचला. पाय पडला की त्या रंगाची रेघ निघेल, आणि पाय जितका वेळ टेकलेला तितकी ती जाड होत जाईल. रेघेचं वळण 'रँडम' या कुठलीही संख्या देणाऱ्या आज्ञेवर सोडू नका, ती रेघ नुसती थरथरते. 'नॉइज' वापरा. केन पर्लिन यांना ज्या पद्धतीसाठी १९९७ साली तांत्रिक ऑस्कर मिळालं, तीच ही. तिच्यात पुढची संख्या मागचीच्या जवळ राहते, म्हणून रेघ वाहती वाटते.

आता खरी गंमत. ठिकरी ज्या घरात पडली तिथे पाय ठेवायचा नाही, म्हणजे त्या फेरीत तो रंग चित्रात येणारच नाही. परतताना शेजारच्या घरात एका पायावर उभं राहून, वाकून ठिकरी उचलायची. तिथे पाय रेंगाळतो, रेघ जाड होते. तोल सांभाळायची धडपड भिंतीवर दिसते. यासाठी वेगळा कोड लागत नाही, खेळाचा नियमच पुरतो. (फरशीचा छोटा तुकडाच घ्या, त्याच्या वजनाने पट्टी दाबली गेली तर सगळा खेळ फसतो.)

पडदा एका रंगाने भरणारी 'बॅकग्राउंड' ही आज्ञा फक्त सेटअपमध्ये, म्हणजे सुरुवातीला एकदाच चालणाऱ्या कोडमध्ये लिहा, नाहीतर दर फ्रेमला चित्र पुसलं जाईल. हळूहळू विरणाऱ्या रेघा हव्यात म्हणून दर फ्रेमला अगदी पारदर्शक बॅकग्राउंड वर चढवलात, तर पुसट करडे डाग कायमचे राहतात. मला ते आवडतात, तुम्हाला नकोत तर पारदर्शकता थोडी कमी करा.

संध्याकाळी

अंधार पडल्यावरच प्रोजेक्टर लावा, आणि तो उंचावर ठेवा, नाहीतर खेळणाऱ्याची सावली चित्रावर पडेल. सुरू करण्याआधी चित्राच्या चौकटीत माउसने एकदा क्लिक करा. ते विसरलं की पट्ट्या दाबूनही काही होत नाही आणि सगळे वायरी तपासत बसतात. डाव संपला की 'सेव्ह कॅनव्हास'ने चित्र जतन करा, मगच भिंत कोरी करा. फाइलला खेळाडूचं नाव द्या, कारण 'माझं कुठलं?' हे प्रत्येक जण विचारणार.