नागपुरात ‘मेडिकल’ म्हणजे औषधाचं दुकान नव्हे: विशेष गरजा असलेल्या मुलाला घेऊन इथे येणाऱ्यांसाठी

आठ वर्षांपूर्वी ह्यांची बदली झाली आणि आम्ही सांगलीहून नागपुरात आलो. मुलगा तेव्हा आठ वर्षांचा, तिसरीत जाणारा. ऑटिझम आहे त्याला. पहिल्याच आठवड्यात शेजारच्या काकू म्हणाल्या, “प्रमाणपत्राचं काम आहे न, मंग मेडिकलले जा.” मी कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानात जाऊन उभी! इथे मेडिकल म्हणजे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय. आणि मेयो म्हणजे इंदिरा गांधी शासकीय वैद्यकीय महाविद्यालय. रिक्षावाल्याला लांबलचक नाव सांगू नका, तोच गोंधळेल.

दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं देशपातळीवरचं ओळखपत्र) आधीच्या जिल्ह्यात झालं असेल तर इथे पुन्हा काढायची गरज नाही, ते देशभर चालतं. नसेल तर स्वावलंबन या सरकारी पोर्टलवर अर्ज भरा आणि जुने सगळे रिपोर्ट मूळ प्रतींसह घेऊन जा. बहुतेक हक्क 40 टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्वाला लागू होतात, म्हणून त्या आकड्याला महत्त्व. अध्ययन अक्षमता असेल, म्हणजे वाचन-लेखन-गणितात मूल अडत असेल, तर प्रमाणपत्र साधारण आठव्या वर्षी मिळतं आणि पुढे 14 आणि 18 व्या वर्षी पुन्हा तपासणी होते. सहा वर्षांच्या पोराला घेऊन ‘डिस्लेक्सियाचा कागद द्या’ म्हणत धावपळ करू नका. तोवर विशेष शिक्षिकेकडे सराव सुरू ठेवा.

थेरपी आणि तपासण्या बहुतेक धंतोली, रामदासपेठेत. धंतोलीत गाडी लावायला जागा शोधणं हीच एक स्वतंत्र थेरपी आहे. खर्च झेपत नसेल तर केंद्र सरकारचं दिव्यांगांसाठीचं संयुक्त प्रादेशिक केंद्र, सीआरसी, नागपुरातच आहे, तिथे चौकशी करा. ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांगत्व किंवा बहुदिव्यांगत्व असेल तर केंद्र सरकारच्या राष्ट्रीय न्यासाचा निरामय आरोग्य विमा काढून ठेवा. वर्षाला 1 लाख रुपयांपर्यंतचं कवच आहे आणि त्यात थेरपीही येते.

आता शाळा. आम्हाला दोन ठिकाणी ‘जागा भरल्या’ असं सांगितलं गेलं, तेही निदान सांगितल्यानंतर. फॉर्म आधीच देऊन झाले होते. तेव्हा मी रडत घरी आले. आज असते तर शांतपणे म्हटलं असतं, “नकार लेखी द्या.” 2016 च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यानुसार सरकारमान्य शाळेला दिव्यांग मुलाला भेदभाव न करता प्रवेश द्यावा लागतो. 6 ते 18 वयाच्या, 40 टक्क्यांवरच्या मुलाला घराजवळच्या शाळेत किंवा विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क आहे आणि निवड आपली. आरटीई म्हणजे शिक्षण हक्क कायद्याखालच्या 25 टक्के राखीव जागांसाठी दिव्यांग मुलाला उत्पन्नाचा दाखला लागत नाही, पण त्या जागा फक्त सुरुवातीच्या वर्गाला असतात. मधल्या इयत्तेत बदली होऊन येणाऱ्यांना त्यांचा उपयोग नाही.

विशेष शाळा हवी असेल तर इथे जुन्या संस्था आहेत: शंकरनगरची मूकबधिर औद्योगिक संस्था, कमलाताई होस्पेटांनी 1921 मध्ये सुरू केलेला मातृ सेवा संघ. साध्या शाळेत घालणार असाल तर इमारत, बस, निकालाचे फलक बघू नका. त्या वर्गाच्या बाईंना भेटा. आणि निदान लपवू नका. ‘कळलं तर काढून टाकतील’ या भीतीने लपवणारे पालक मी पाहिलेत. दिवाळीपर्यंत सगळं उघड होतं आणि तोवर मुलावर ‘आगाऊ’ असा शिक्का बसलेला असतो. मी दरवर्षी जूनमध्ये एक पानभर लिहून देते. हाक मारली की बघत नाही, पण ऐकतो. घंटा वाजली की कान झाकतो, ओरडू नका. चिडला तर दोन मिनिटं पाण्याच्या टाकीपाशी जाऊ द्या. बाईंना अहवालाच्या वीस पानांपेक्षा हे जास्त उपयोगी पडतं. महापालिका, जिल्हा परिषदेच्या शाळेत असाल तर ‘समग्र शिक्षा’ या सरकारी योजनेचे विशेष शिक्षक कोणत्या वारी येतात ते विचारा. एकाच शिक्षकाकडे बऱ्याच शाळा असतात, तेव्हा वार माहीत असलेला बरा.

एक अडचण मला कुणीच सांगितली नव्हती: भाषा. वर्गात बाई विचारायच्या, “काय करून राहिला रे?” आमचा शब्दाला शब्द धरणारा. तो उत्तर द्यायचा, “आता इथे राहतो.” वर्ग हसायचा. मैदानावर तर निम्मी हिंदी. बाईंना वाटलं त्याला समजत नाही, म्हणून आकलनाच्या चाचणीत शून्य. मग स्पीच थेरपिस्टकडे आम्ही ‘करून राहिला म्हणजे करतो आहे’ असं खेळत खेळत शिकलो. सातारा, सांगली, कोकणातून येत असाल तर हा सराव शाळा उघडायच्या आधीच करा.

त्यासाठी वेळही मिळतो. उन्हामुळे विदर्भातल्या शाळा बाकी महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जूनच्या अखेरीकडे उघडतात. मे महिन्यात दुपारी मुलाला बाहेर नेऊ नका, सकाळी मेट्रोत बसवा. आमचा चिरंजीव सीताबर्डीच्या स्टेशनवर गाड्या बदलत सगळी स्टेशनं क्रमाने पाठ करून बसला.

दहावीच्या सवलतींची तयारी नववीतच सुरू करा. अर्ज शाळेमार्फत विभागीय मंडळाकडे जातो आणि प्रमाणपत्राची मुदत संपलेली निघाली तर ऐन जानेवारीत मेडिकलच्या रांगेत उभं राहावं लागतं. तासाला 20 मिनिटं जादा वेळ मिळतो. लेखनिक घेणार असाल तर तो खालच्या इयत्तेतला लागतो. लेखनिकासोबत निदान चार पेपर घरी सोडवून घ्या. आमच्याकडे पहिल्या सरावात दोघंही एकमेकांची वाट बघत गप्प बसले होते.

आणि पोळा. दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा असतो, मुलं लाकडी नंदी सजवून आणतात, शाळेतही करतात. त्याला जरूर पाठवा, आमच्याला सगळ्यात आवडणारा सण. पण त्याच दिवशी महाल, इतवारीकडे मारबतीच्या पुतळ्यांची गोंगाटाची मिरवणूक असते. आवाजाला घाबरणारं मूल असेल तर त्या बाजूला जाऊ नका, आणि कानावर लावायचे हेडफोन नंदीच्याच पिशवीत ठेवा.